पुष्करचा उंटमेळा : पौर्णिमेआधी उठणारा बाजार

राजस्थानातील अजमेर जिल्ह्यात पुष्कर येथे दरवर्षी कार्तिक महिन्यात भरणारा मेळा जगभर ‘उंटांचा मेळा’ म्हणून ओळखला जातो. या नावावर विसंबून जो प्रवासी नेमका त्रिपुरारी पौर्णिमेला तेथे पोहोचतो, त्याला घाटांवर स्नानासाठी लोटलेला जनसागर दिसतो, बाजारपेठेत पाऊल ठेवायला जागा मिळत नाही. उंटांचे मैदान मात्र तोवर बरेचसे मोकळे झालेले असते. विकायचे ते विकले गेलेले असतात, न विकलेले परतीच्या वाटेला लागलेले असतात. वाळूवर लेंड्या, विझलेल्या चुली आणि दोरखंडांचे तुकडे तेवढे उरतात. छायाचित्रांतून पाहिलेला मेळा चार-सहा दिवसांपूर्वीच आटोपलेला असतो.

याचे कारण असे की, पुष्करला एका नावाखाली दोन मेळे भरतात. पहिला जनावरांचा आणि दुसरा स्नानाचा. दोन्ही एकाच पंधरवड्यात येत असले तरी त्यांची माणसे वेगळी, जागा वेगळी आणि घाईही वेगळी. स्नानाच्या मेळ्याची तिथी पक्की आहे. कार्तिक शुद्ध एकादशी ते पौर्णिमा ही पाच दिवसांची पर्वणी. जनावरांच्या बाजाराला अशी तिथी नाही. भाऊबीज झाली की कळप येऊ लागतात, गोपाष्टमीच्या सुमारास, म्हणजे शुद्ध अष्टमीला, व्यवहार ऐन भरात असतात आणि प्रबोधिनी एकादशी उलटली की मैदान ओसरू लागते. राजस्थान सरकारचा पर्यटकांसाठीचा कार्यक्रम साधारणतः अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंतचा असतो. २०२५ मध्ये तो ३० ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर असा होता. छापील कार्यक्रमपत्रिका पाहून बेत आखणारा प्रवासी त्यामुळे बहुधा दोन्ही मेळ्यांच्या मधल्या गर्दीत सापडतो. ज्याला खरोखर उंट पाहायचे आहेत, त्याने शुद्ध पंचमी ते दशमी हे दिवस धरावेत.

गोव्यातील वाचकाला यात एक अडचण आहे. येथे नरकासुर जाळून दिवाळी संपत नाही; द्वादशीला तुळशीचे लग्न लागते तेव्हा व्हडली दिवाळी साजरी होते. उंटांच्या बाजाराचे दिवस बरोबर या दोहोंच्या मधे येतात. भाऊबीज आटोपून लगेच निघाले तर तुळशीच्या लग्नाला घरी परतणे अशक्य नाही, पण ओढाताण होते. पौर्णिमेपर्यंत थांबले तर साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीत दिव्यांच्या नौका सोडल्या जात असताना हा प्रवासी खऱ्या वाळवंटाच्या उंबरठ्यावर, दुसऱ्या एका पाण्यात सोडलेले दिवे पाहत असेल.

तीर्थ आधी की बाजार आधी

पुष्कर हे थरच्या वाळवंटाच्या पूर्वेकडील कडेवर, अरवलीच्या कुशीत वसलेले गाव. अजमेर आणि पुष्कर यांच्या मधे नागपहाड नावाची डोंगररांग उभी आहे. ती ओलांडली की हवा कोरडी होते, माती वाळूकडे झुकते आणि बोरी-खेजडीची झाडे दिसू लागतात. पश्चिम राजस्थानची एकमेव मोठी नदी, लुणी, याच परिसरात उगम पावते आणि कच्छच्या रणात जिरून जाते.

ब्रह्मदेवाच्या हातातील कमळ जेथे पडले तेथे हे सरोवर निर्माण झाले, अशी कथा आहे. महाभारतातील तीर्थयात्रेच्या वर्णनात पुष्करला अग्रस्थान मिळाले आहे, म्हणजे तीर्थ म्हणून त्याची कीर्ती जुनी. सरोवराभोवती ५२ घाट आहेत. त्यांपैकी गऊ घाटाजवळ १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचे विसर्जन झाले, म्हणून त्याला गांधी घाट असेही म्हणतात.

जनावरांचा बाजार येथेच आणि याच महिन्यात का भरावा, याचे उत्तर मात्र पुराणात नाही, शेतीच्या आणि चराईच्या हिशेबात आहे. पावसाळ्यातील गवतावर चरून जनावरे कार्तिकात अंगाने भरलेली असतात. विकणाऱ्याला याहून चांगली वेळ नाही. खरिपाचे पीक हाती आल्याने घेणाऱ्याकडे चार पैसे असतात आणि रब्बीच्या कामाला, ओढीला जनावर हवे असते. उन्हाळ्यात कळप हाकणे जीवावरचे, तर कार्तिकातील चाल माणसालाही सोसते आणि जनावरालाही. शेकडो मैलांवरून आलेल्या कळपांना पाणी लागते आणि कोरड्या मुलखात ते पुष्करला होते. यात्रेकरू येणारच असतात, त्यांच्यामागून व्यापारी येतात. तीर्थाने बाजार ओढला की बाजाराने तीर्थाची यात्रा फुगवली, हा वाद निष्फळ आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला देवतिथी लागत नाही, आणि शिरगावच्या जत्रेला बाजार लागत नाही; पुष्करला दोन्ही एकमेकांच्या आधाराने वाढले.

मैदानावर

पहाटेची वेळ सर्वांत चांगली. रात्री थंडी चांगलीच पडते, त्यामुळे सूर्य वर येईपर्यंत उंट गुडघे मोडून बसलेले असतात आणि त्यांचे धनी शेकोटीभोवती कांबळी पांघरून चहा पीत असतात. लाल पागोटे, पांढरे अंगरखे आणि कानांत सोन्याची कर्णभूषणे घातलेली ही माणसे बहुधा रायका किंवा रेबारी समाजाची. शंकर-पार्वतीने उंट घडवला आणि त्याला सांभाळण्यासाठी पहिला रायका निर्माण केला, अशी त्यांची समजूत आहे. ही केवळ कथा म्हणून सोडून देण्याजोगी नाही. तिच्यातून समाजाचे नियम घडले. उंटाचे मांस खायचे नाही, दूध विकायचे नाही, मादी कसायाच्या वा परक्याच्या हाती जाऊ द्यायची नाही. पिढ्यान् पिढ्या रायकांचे उत्पन्न एकाच गोष्टीवर उभे होते. कळपात जन्मलेले नर वाढवायचे आणि ओढकामासाठी पुष्करसारख्या मेळ्यात विकायचे. पुढे जे सांगायचे आहे, त्याचे मूळ येथे आहे.

खरेदीदार उंटाभोवती आधी एक चक्कर मारतो. मग त्याला उठवतो, बसवतो, थोडे चालवून पाहतो. जबडा उघडून दात तपासले जातात, कारण वय दातांवर कळते. साधारण साडेचार-पाच वर्षांचा झाला की दुधाचे पुढचे दात पडू लागतात आणि त्यानंतरच उंट पुऱ्या ओझ्याला येतो. वशिंड ताठ आणि भरलेले असले तर जनावर चांगले पोसलेले; एका बाजूला कललेले असले तर उपाशी राहिलेले. छातीखालची गादी, जिच्यावर भार देऊन उंट बसतो, ती सोललेली नाही ना, हे वाकून पाहावे लागते. सौदा मोठ्या आवाजात होत नाही. महाराष्ट्रातील जुन्या बैलबाजारांत उपरण्याखाली बोटे दाबून भाव सांगण्याची रीत होती, तिच्याशी नाते सांगणारी गुप्तता येथेही आढळते. दलाल दोघांच्या मधे उभा राहून एकाच्या कानात एक आणि दुसऱ्याच्या कानात दुसरा आकडा सांगतो.

उंटाबद्दल मराठी भाषेचे मत फारसे चांगले नाही. उंटावरचा शहाणा, उंटावरून शेळ्या हाकणारा, या वाक्प्रचारांत उंट म्हणजे उंची आणि बेफिकिरी. ज्या मुलखात हा प्राणी राबत नाही तेथे असे होणारच. प्रत्यक्षात उंट हा वाळवंटाने घडवलेला अत्यंत काटकसरी देह आहे. शरीरातील पाणी आटून वजनाच्या पाव हिश्श्यापर्यंत घट झाली तरी तो तग धरतो, आणि पाणी मिळाले की थोड्या मिनिटांत शंभर लिटरपर्यंत पिऊन घेतो. त्याच्या तांबड्या रक्तपेशी लंबगोल असतात, त्यामुळे एकाएकी एवढे पाणी आत आले तरी त्या फुटत नाहीत. दिवसाच्या उन्हात घाम गाळून पाणी वाया घालवण्याऐवजी तो शरीराचे तापमान काही अंशांनी चढू देतो आणि रात्रीच्या गारव्यात उतरवतो. वशिंडात पाणी असते हा समज चुकीचा. तेथे चरबी असते. मादी सुमारे १३ महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच पिल्लू देते. कळप घटला तर तो लवकर भरून येत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

बाजारात सर्वांत देखणा माल उंटांच्या साजाचा असतो. कवड्या, मणी, आरशांचे तुकडे आणि रंगीत लोकर गुंफून केलेला गळ्यातला ‘गोरबंद’ पाहण्याजोगा असतो. राजस्थानी लोकगीतांत तो आला आहे, इतका तो घराघरातला. पलाण, तंग, घुंगरांच्या माळा, गुडघ्यावर बांधायचे पट्टे, नाकातली लाकडी मेख आणि तिला बांधायची दोरी, हे सर्व अजून वापरासाठी विकले जाते; शोभेची वस्तू म्हणून घेणारे नंतर आले. काही कारागीर कात्रीने उंटाच्या अंगावरचे केस कातरून वेलबुट्टी, मोर, हत्ती उमटवतात. त्या कामाला काही दिवस जातात आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा केस वाढून ते पुसले जाते. गाडिया लोहारांची पाली पडतात, तेथे कुऱ्हाडी, चिमटे, तवे मिळतात. सरोवरालगतच्या सदर बाजारात चामड्याच्या मोजड्या, बांधणी, लाखेच्या बांगड्या आणि परदेशी पाहुण्यांसाठी शिवलेले सैल कपडे असतात. पुष्करच्या परिसरात गुलाबाची शेती मोठी आहे, म्हणून गुलकंद आणि गुलाबजल येथून न्यावे. मालपुवा खावा तो रबडीतला, येथलाच.

संध्याकाळी मैदानावर मटका शर्यत, पागोटे बांधण्याची स्पर्धा, लांब मिशांची स्पर्धा, उंटांचे नाच आणि कालबेलियांचे नृत्य असते. कालबेलिया गीत-नृत्याचा २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. या कार्यक्रमांत मौज आहे. पण त्यासाठी दीड हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करावा असे त्यात काही नाही. पहाटेचे दोन तास त्याहून मोलाचे.

उंट कमी होत आहेत

पुष्करला वर्षांनुवर्षे येणाऱ्या कोणालाही विचारले तर उत्तर एकच मिळते: पूर्वी वाळूवर नजर पोहोचेल तेथवर उंट असत. आकडे हीच साक्ष देतात. पशुगणनेनुसार देशात २०१२ मध्ये सुमारे ४ लाख उंट होते, ते २०१९ मध्ये सुमारे अडीच लाखांवर आले. राजस्थानात ३.२६ लाखांवरून २.१३ लाख. म्हणजे सात वर्षांत दर तिसरा उंट गेला. पुष्करच्या मैदानावर आता डोळ्यांत भरतात ते मारवाडी घोडे, टोके आत वळून एकमेकांना भिडणाऱ्या कानांचे, लग्नाच्या वरातीसाठी आणि हौशी अश्वपालकांसाठी आणलेले. अलीकडच्या काही मेळ्यांत घोड्यांची नोंद उंटांहून अधिक झाली आहे. नाव उंटांचे आणि उलाढाल घोड्यांची, अशी ही स्थिती.

पहिले कारण उघड आहे. शेतात ट्रॅक्टर आला, रस्त्यावर जीप आणि ट्रक आले, उंटगाडीचे काम संपले. दुसरे कारण कमी दिसते, पण अधिक खोल आहे. चरायला जागा उरली नाही. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी आले तेथे गवताळ रानाचे शेत झाले. गावोगावच्या ‘ओरण’, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली राने (आपल्याकडच्या देवरायांची ती वाळवंटी भावंडे), अतिक्रमणांनी आक्रसली. कुंभलगडसारखी अभयारण्ये झाली, तेथे पूर्वीपासून कळप नेणाऱ्या रायकांच्या वाटेवर फाटके लागली. उपाशी जनावराला ‘सर्रा’ हा माश्यांमार्फत पसरणारा परजीवी रोग लवकर गाठतो.

राज्य सरकारने २०१४ मध्ये उंटाला ‘राज्य पशू’ घोषित केले आणि २०१५ मध्ये कायदा करून त्याच्या कत्तलीवर बंदी घातली. उंट राज्याबाहेर नेण्यासही परवानगीची अट आली. हेतू निर्मळ होता. परंतु रायकांचे अर्थकारण ध्यानात घेतले तर परिणाम काय होणार हे आधीच दिसायला हवे होते. दूध विकायचे नाही, मांस विकायचे नाही. विकायचा तो नर. राज्यात त्याला काम नाही आणि राज्याबाहेरचा खरेदीदार कागदपत्रांच्या भीतीने येईनासा झाला. नरांचे भाव कोसळले. ज्याच्या पिल्लाला गिऱ्हाईक नाही, तो प्राणी पाळण्यात कोणाचा मुलगा रमेल? अनेक कुटुंबांतील तरुण शहरांत मजुरीला गेले आणि कळप विकून टाकले. पिल्लू जन्मल्यास पालकाला हप्त्यांनी १० हजार रुपये देण्याची योजना २०१६ मध्ये सुरू झाली. पण जन्माला अनुदान आणि मोठ्या झालेल्या जनावराला बाजार नाही, हा पेच त्याने सुटत नाही. संरक्षणाचा कायदा प्राण्याला वाचवतो, प्राणी सांभाळणाऱ्याला वाचवत नाही, हे पुष्करच्या मैदानावर जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही अहवालात दिसणार नाही.

आता काही रायका कुटुंबांनी दूध न विकण्याचा जुना नियम मोडला आहे. पाली जिल्ह्यातील सादडी येथील लोकहित पशुपालक संस्थेने १९९६ पासून या पशुपालकांबरोबर काम केले आहे. तिच्याशी निगडित जर्मन पशुवैद्य इल्से कोलर-रोलेफसन यांचे ‘कॅमल कर्मा’ हे पुस्तक २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. बिकानेर येथे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उष्ट्र संशोधन केंद्रात दुधाचे आइस्क्रीम, कुल्फी वगैरे पदार्थ मिळतात. गुजरातेत अमूलने २०१९ मध्ये कच्छच्या पशुपालकांकडील उंटिणीचे दूध बाजारात आणले. हे दूध किंचित खारट लागते, पातळ असते आणि त्याचे दही सहज लागत नाही. मेळ्यात ते मधुमेहापासून सर्व रोगांवर रामबाण म्हणून विकणारेही भेटतात. चव म्हणून प्यावे. औषध म्हणून घेण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारावे. उंटाच्या लोकरीच्या सतरंज्या आणि लिदीपासून केलेला कागदही विकायला असतो. प्रवाशाने खर्च करायचाच तर हॉटेलातील आकाशकंदिलांपेक्षा अशा वस्तूंवर करावा, कारण त्यातला पैसा पालकापर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक.

मेळ्यात खंडही पडला आहे. २०२० मध्ये करोनामुळे मेळा झाला नाही आणि २०२२ मध्ये गुरांतील लम्पी रोगाच्या साथीमुळे जनावरांचा बाजार रद्द झाला. एका वर्षाचा मेळा चुकणे हे पर्यटकाला सहलीचे चुकणे वाटते. ज्याची वर्षाची विक्री तेथेच होते, त्याला ते उपासमारीचे.

मराठ्यांची पावले

मराठी प्रवाशाला पुष्कर परके वाटू नये, यालाही इतिहास आहे. मराठी भाषेत ‘सांडणीस्वार’ हा शब्द उगीच आलेला नाही. सांडणी म्हणजे वेगाने चालणारी उंटीण. तिच्यावरून पेशव्यांचे आणि सरदारांचे खलिते उत्तरेत धावत. उंटाच्या पाठीवर बसवलेल्या छोट्या तोफेला ‘सुतरनाळ’ म्हणत. ‘शुतुर’ म्हणजे फारसीत उंट. १७६१ मध्ये पानिपतावर अब्दालीच्या अशाच उंटांवरील जंबुरकांनी मराठी फौजेची मोठी हानी केली.

अजमेरचा सुभा अठराव्या शतकात मराठे आणि मारवाडचे राठोड यांच्यात हातोहात फिरत राहिला. जयाप्पा शिंदे यांना १७५५ मध्ये नागौरजवळ दग्याने ठार करण्यात आले. १७९० मध्ये मेडत्याच्या लढाईत महादजी शिंद्यांच्या फौजेने राठोडांचा पराभव केला. मेडते पुष्करहून फार दूर नाही. त्यानंतर अजमेर शिंद्यांकडे आले, आणि १८१८ मध्ये ते इंग्रजांना देईपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. याच काळात पुष्करची पुष्कळ बांधकामे झाली. ब्रह्मदेवाच्या ज्या प्रसिद्ध मंदिरासाठी लोक येतात, त्याची आजची वास्तू शिंद्यांचे कारभारी गोकुळ पारख यांनी १८०९ मध्ये केलेल्या जीर्णोद्धारातली. आत्मतेश्वराचे शिवमंदिर गुमानजी राव या मराठा सुभेदाराने बांधले. अहिल्याबाई होळकरांनी भारतभर केलेल्या धर्मकार्यांत पुष्करची धर्मशाळाही मोडते. घाटांच्या नावांत जयपूर, कोटा यांच्याबरोबर ग्वाल्हेर आहेच. लाल शिखर आणि दारावरचा हंस पाहताना हे मंदिर एका मराठी दरबाराच्या पैशाने आज या रूपात उभे आहे, हे सांगणारा वाटाड्या क्वचित भेटतो.

वाट आणि मुक्काम

गोव्यातून अजमेरला थेट जाणारी रेल्वे आहे. एर्णाकुलम–अजमेर मरुसागर एक्स्प्रेस आठवड्यातून एकदा कोकण रेल्वेमार्गे धावते आणि मडगावला थांबते. आठवड्यातून एकच गाडी असल्याने जाण्याचा वार जुळला तर परतीचा जुळत नाही, म्हणून एका बाजूने विमान घेणे सोयीचे पडते. मोठा विमानतळ जयपूरचा. पुष्कर तेथून रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर. अजमेरजवळ किशनगड येथेही २०१७ पासून विमानतळ आहे, पण तेथील उड्डाणे मोजकी असतात. अजमेर ते पुष्कर हा नागपहाडावरून जाणारा घाट अर्ध्या-पाऊण तासाचा. बसगाड्या आणि जीपा सतत असतात.

मेळ्याच्या दिवसांत पुष्करमधील खोल्यांचे दर कित्येक पटींनी चढतात आणि मैदानाजवळच्या आलिशान तंबूंचे दर तर मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यापलीकडे जातात. धर्मशाळा आहेत, पण त्या यात्रेकरूंनी आधीच भरलेल्या असतात. अजमेरला उतरून रोज पहाटे पुष्करला जाणे हा सर्वांत समंजस मार्ग. अजमेरला ख्वाजा मोइनुद्दीन चिश्ती यांचा दर्गा, अढाई दिन का झोपडा आणि आनासागर आहेच. एक दुपार तेथे सहज जाते.

पुष्कर हे तीर्थक्षेत्र असल्याने गावात मांस, मासळी, अंडी आणि मद्य मिळत नाही. हुमण-भाताशिवाय तिसऱ्या दिवशी ज्याचा जीव कासावीस होतो, त्याने मनाची तयारी करून निघावे. बाजरीची भाकरी, केर-सांगरी आणि लसणीची चटणी यांनी ती उणीव थोडीफार भरून निघते. घाटांवर पायताणे काढून जावे लागते आणि स्नान करणाऱ्यांची छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. हातात फूल ठेवून संकल्प सांगायला लावणारे आणि मग मोठ्या दक्षिणेचा आकडा उच्चारणारे घाटावर भेटतात. दक्षिणा किती ते फूल हातात घेण्याआधीच ठरवावे, नाहीतर नम्रपणे हात मागे घ्यावा. मनगटाला बांधलेला लाल धागा दिसला की पुढचे भटजी सोडतात, एवढा त्याचा उपयोग.

मैदानावर दोन गोष्टी सांभाळाव्यात. थंडीचे दिवस हे नर उंटांच्या माजाचे दिवस असतात. तोंडातून फेस गळणारा, गुरगुरणारा, जबड्याच्या बाजूने लाल फुग्यासारखी टाळू बाहेर काढणारा नर दिसला की दूर राहावे. एरवी गरीब दिसणारा हा प्राणी त्या दिवसांत चावतो आणि ती जखम जिवावर बेतू शकते. लहान मुलांना बसलेल्या उंटाच्या मागून वा तोंडासमोरून धावू देऊ नये. दुसरे असे की, पशुपालक हे प्रदर्शनातील पात्र नव्हेत. ज्या वेळी ते सौद्यात गुंतलेले असतात, त्या वेळी तोंडासमोर कॅमेरा धरणे म्हणजे त्यांच्या वर्षभराच्या कमाईत विघ्न आणणे होय. आधी विचारावे, नंतर चहा प्यावा, मग छायाचित्र घ्यावे. त्या चहात साखर भरपूर असते.

कार्तिक ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी राजस्थानात इतरही मेळे आहेत. माघात नागौरला रामदेव पशुमेळा भरतो. तेथे उंटांपेक्षा उंच, पांढऱ्या नागौरी बैलांचा थाट अधिक. जानेवारीतील बिकानेरचा उंट महोत्सव आणि माघ पौर्णिमेच्या सुमारास होणारा जैसलमेरचा मरु महोत्सव हे मुख्यतः पर्यटकांसाठी रचलेले. तेथे सजलेले उंट पुष्कळ, विकाऊ उंट थोडे. झालावाडजवळ झालरापाटण येथे कार्तिकातच चंद्रभागा मेळा भरतो. आणि ज्याला गर्दीपासून दूर, कॅमेऱ्यांच्या पूर्वीचा पशुबाजार पाहायचा असेल, त्याने चैत्रात बालोतराजवळ तिलवाड्याला जावे. राव मल्लिनाथांच्या नावाने चालणारा तो मेळा राजस्थानातील सर्वांत जुन्या पशुमेळ्यांपैकी एक मानला जातो, आणि तो भरतो लुणीच्या कोरड्या पात्रात. पुष्करजवळ उगम पावलेली तीच नदी. तेथे मुक्कामाची सोय जेमतेम, ऊन कडक आणि पाणी आपले आपण न्यायचे.